हद्द कायम

माझं काम सोपं आहे:
वरून जे दिसलं, ते खाली आहे का, बघायचं.
विवऱ्याच्या शिवारात टॅबलेट उन्हानं आंधळा होतो,
मग ओढणी डोक्यावरून पुढे घ्यायची
आणि तिच्या एवढ्याशा काळोखात
गट नंबर दोनशे एकोणीस उघडायचा.
उपग्रह म्हणतो: ऊस.
मी लिहिते: केळी, मृगबाग, टिश्यूची रोपं.
चार दिशांचे चार फोटो. सही.
एका बिंदूचे पंचेचाळीस रुपये,
विहिरीत पडले तर जबाबदारी कंपनीची नाही.

कंपनी कुठली, ते नीट मलाही माहीत नाही.
पैसे पुण्याहून येतात, ईमेल बंगळुरूहून,
आणि ज्या डोळ्यानं हे बघतात
तो कुठल्या देशाच्या दप्तरी नोंदलाय,
हे कुणाला विचारायचं नाही, असं करारात आहे.
मला त्याचं नवल वाटलं नाही.
वडील वरणगावच्या फॅक्टरीत होते, काडतुसांच्या खात्यात.
घरी आले की हात दोनदा धुवायचे,
तरी ताटातल्या भाकरीला पितळेचा वास यायचा.
आज काय केलं, हे आईनं तीस वर्षं विचारलं नाही.
नकाशात ती जागा अजून पुसट आहे,
कुणीतरी ओल्या बोटानं फिरवल्यासारखी,
आणि आमचं क्वार्टर त्या पुसट चौकोनाच्या आत.

श्रावणात हरण्या आला.
कोवळ्या पानांवर पिवळ्या रेघा,
चिनावलकडून, सुकीच्या काठाकाठानं.
लोक रोपं उपटून पोत्यात भरत होते,
आणि नेमक्या त्याच आठवड्यात चित्रं थांबली.
ढग होते. पण हा डोळा ढगातून बघतो,
असं ट्रेनिंगला साहेबांनी दोनदा सांगितलं होतं.
फोन लावला तर आवाज खाली घेऊन म्हणाले,
कुठल्याशा सीमेवर रणगाडे हललेत मॅडम,
ते मोजणाऱ्यांनी डोळाच भाड्यानं घेतलाय,
महिनाभर, तिप्पट भावानं.
तुमची केळी रांगेत आहेत.

मला हे सिकंदर तडवींना समजावून सांगावं लागलं नाही.
बांधावर बसून त्यांनी तंबाखू मळली, म्हणाले,
"म्हंजे यापाऱ्यानं आपला सौदा मोडला
अन् गाडी दुसऱ्याच्या बागेत लावली."
थोड्या वेळानं, "मंग वरचा सातबारा
कोनाच्या नावावर हाये, ताई?"

नाही कुणाच्या, म्हटलं. सगळ्यांचं आहे म्हणतात.
आधी जो जाईल त्याची वाट.
आणि हल्ली एकाचा उपग्रह दुसऱ्याच्या जवळ
सरकत सरकत जातो, आठवडेच्या आठवडे,
बोलत नाही, नुसता शेजारी थांबतो.
ते हसले. पुढचा एक दात नाही त्यांना.
"बांध कोरू ऱ्हायले.
दर साली एक तास. आमच्या भावकीत
बारा वर्षं चाललं, मोजणीवाला आला तवा
माझ्या चुलत्याची विहीर त्यांच्या वावरात निघाली."

त्या रात्री ढग फाटले तेव्हा मी अंगणात होते.
दोनतीन ठिपके गेले, घाई नसलेले,
सातपुड्याच्या अंगानं वर आले, तापीकडे उतरले.
त्यातला माझा कुठला, कळायला मार्ग नव्हता.
वडील असते तर त्यांनी वर बघितलं असतं
आणि काही बोलले नसते.

सकाळी पुन्हा गट नंबर दोनशे एकोणीस.
निम्मी बाग गेलेली. उरलेल्या झाडांना
मी एकेक करून हात लावला,
गरज नव्हती, त्याचे पैसेही नाहीत.
चार दिशांचे चार फोटो काढले,
पाचवा उगाच, सरळ वर धरून.
शेऱ्याच्या रकान्यात तलाठ्याच्या भाषेत लिहिलं:
समक्ष पाहणी केली. केळी आहे, रोगट.
लगतचे कब्जेदार
नोटीस देऊनही गैरहजर.