तुलनेचा प्रश्न

खुर्चीचे हात जरा जास्तच रुंद आहेत.
ते मुद्दाम. दंडावरचा पट्टा फुगला
की कोपर टेकायला जागा लागते.
छातीभोवती एक नळी, पोटाभोवती एक,
दोन बोटांना पत्र्याच्या दोन टिकल्या,
आणि बुडाखाली एक पातळ गादी,
मांडी आवळली तरी चहाडी करणारी.

खोलीला खिडकी नाही. बाहेर एल पासोचं ऊन
गाड्यांची टपं भाजत असतं.
आत मी म्हणते, "सावकाश. इथे घाई कोणालाच नाही."
हे दिवसातलं पहिलं खोटं.
साडेदहाला पुढचा उमेदवार असतो.

दुसरं आकड्याचं.
"तीन ते आठमधला एक आकडा कागदावर लिहा.
मी एकेक विचारेन. प्रत्येकाला नाही म्हणा."
मग मी पडदा त्याच्याकडे वळवते:
"बघा, पाचला रेघेनं कशी उडी मारली."
कागद मी आधीच पाहिलेला असतो.
बावीस वर्षांचं पोर आवंढा गिळतं,
आणि यंत्रावर त्याची श्रद्धा बसते.
श्रद्धा नसेल तर हे सगळं
रक्तदाब मोजायचं एक महागडं खेळणं.

तिसऱ्याला आम्ही खोटं म्हणत नाही.
प्रशिक्षणात त्याला नाव आहे: तुलनेचा प्रश्न.
"विश्वास टाकणाऱ्याला तुम्ही कधी फसवलंय?"
सगळ्यांनीच फसवलेलं असतं.
त्यानं नाही म्हणावं, अशीच माझी इच्छा असते.
त्या लहान खोट्याच्या पट्टीनं
मला मोठं खोटं मोजायचं असतं.
एखादा सरळ सांगतो, "हो. आईला."
त्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.
प्रामाणिक माणूस माझा तक्ता बिघडवतो.

नोव्हेंबरात इलिसेओ बारागान आला.
सीमेवर पहाऱ्याची नोकरी हवी होती.
पलीकडे हुआरेसमध्ये मावशी, अर्जात लिहिलेली.
बाहीवर इस्त्रीची ताठ घडी.
तस्करांशी संबंध? नाही. रेघ शांत.
अमली पदार्थ? नाही. शांत,
आमच्या नदीसारखी,
जिच्यात वर्षातले कित्येक महिने पाणीच नसतं.
मग तो प्रश्न, फक्त दम खायला ठेवलेला:
"तुमचं नाव इलिसेओ आहे का?"
"हो."
आणि सगळ्या रेघा उठल्या,
झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तशा.

तीनदा विचारलं. तीनदा तेच.
पट्टा सोडल्यावर त्यानं दंडावरचा वळ चोळला.
"माझ्याआधी एक भाऊ झाला होता. अकरा दिवसांचा.
नाव वाया जाऊ नये, म्हणून मला दिलं.
आई हाक मारते ना,
मी आधी जरासा थांबतो."

अर्जात यासाठी चौकट नाही.
मी 'अनिर्णित' लिहिलं.
अनिर्णित म्हणजे सहा महिने वाट पाहा.
वाट पाहणाऱ्यांतले किती परत येतात,
मोजायचं मी सोडून दिलंय.
गिलक्रिस्टसाहेब तक्ता उलटा धरून म्हणाले,
"स्वतःच्या नावाला दचकतो, म्हणजे काहीतरी आहेच."
चोराच्या मनात चांदणं. मान्य.
पण चांदणं काय
फक्त चोरांच्याच अंगणात पडतं?

संध्याकाळी मी बाबांकडे जाते.
एकोणतीस वर्षं तांब्याच्या भट्टीवर काढली त्यांनी,
आता एकच प्रश्न उरलाय:
"तुझी आई आली का?"
"दुकानात गेलीय. टॉर्टिया संपल्यात."
सोळा महिने झाले, ती टॉर्टिया आणतेय.
परवा नर्सनं गंमत म्हणून
त्यांचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला,
नेमका त्याच वेळी.
एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर.
"वा," ती म्हणाली, "तुमचं उत्तम आहे."

बाबांनी मान हलवली. खिडकीकडे पाहिलं.
मग बऱ्याच वेळानं,
कसलीही घाई नसल्यासारखं,
"रोसाल्बा, कुठल्या दुकानात?"