हौसाक्काची टोपी

शहापुरात, जिथं मागांचे आवाज थांबले
त्या बोळात माझी खोली.
एक भट्टी, एक दिवा, चार केसांचा ब्रश.
दात करते मी. म्हणजे टोप्या करते.
दाताला टोपी घालायची
आणि बघणाऱ्यालाही.

रवळू पेंटरची मी लेक.
बाबांनी अख्ख्या बेळगावच्या पाट्या रंगवल्या,
आधी एका लिपीत, मग दुसऱ्या,
मधल्या दिवसांत नुसता पांढरा हात.
म्हणायचे, पांढरा हा रंग नव्हे गं,
थांबलेलं काम आहे.
दोन उन्हाळे जाऊ देत,
'किराणा'तला काना खालून डोकावतोच.

हौसाक्का पहिल्यांदा आली तेव्हा
निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची.
अकराव्या वर्षापासून मिश्री.
पुढचा एक दात अर्धा.
"दार लागलं," म्हणाली.
कुणाचं दार, मी विचारलं नाही.
शेड गाईडमधला सगळ्यात काळपट दात
तिच्या ओठाशी धरला,
तर तोच धुऊन आल्यासारखा.

मग बसले दोन रात्री.
गेरू, काथ, चहाचा गाळ,
हिरडीलगत मिश्रीची काळी रेघ,
मधोमध केसाएवढी चीर, तीही रंगवली.
भट्टीतून काढला तर वाटलं,
हा दात कधीतरी वखारीत जेवलाय.
तिनं आरसा घेतला, जीभ फिरवली.
"कंचा खोटा, मलाच गावंना की."
याहून मोठं सर्टिफिकेट
मला नंतर कुणी दिलं नाही.

यंदा हिरेमठ डॉक्टरांकडून डबी आली, सोबत चिठ्ठी:
आजीबाईंच्या पोराचं लग्न आहे.
आधी दात खरवडून साफ केले,
मग हिरड्या झाकून जेल, निळा दिवा, तीन वेळा.
खुर्चीत हूं की चूं नाही,
रात्री गार पाण्याच्या घोटाला मात्र रडल्या म्हणे.
दोन आठवडे थांबलो, रंग बसू दिला.
आता सगळे बिळी,
तुमची टोपी सोडून.
औषध दाताला चढतं, चिनीमातीला नाही.
बी-एक करून द्या.

डबीत टोपी, कापून दोन फाका.
आत धातू, करडा.
बाहेर माझी रेघ, चोवीस वर्षं झाली तरी
हललेली नाही.
तोंडातलं सगळं गाव पांढरं झालं
आणि ही एकटी जुनी पाटी.

बी-एक करायला कष्ट लागतात,
आठवण लागत नाही.
एका दुपारी केली.
पाठवताना पाटीवर चुना मारल्यासारखं
हाताला काहीतरी लागलं होतं,
ते धुतलं.

लग्नाचा फोटो आला.
अबोली, नवी नथ, हौसाक्का मधोमध,
आणि ओठ घट्ट मिटलेले.
सवय. दुसरं काय.

दिवाळी झाल्यावर फोन.
"बाई, रागावू नका.
चहा सुटला न्हाई. मिश्रीबी,
खोटं कशाला बोलू, सकाळची एवढीशी, चिमटीभर.
आता बाकीचे सगळे घरला आले,
तुमची टोपी तेवढी
अजून लग्नातच हाय."

मी हसले. पलीकडं तीही हसत होती,
तोंड उघडून, आवाजावरून कळतं.

या म्हटलं, पण घाई नको.
रंग बसू दे आधी.

मग कपाटातून काथाची बाटली काढली.
किती वर्षांत हात लागला नव्हता,
झाकण गच्च.
पदरानं धरलं, दाराच्या फटीत घालून बघितलं,
शेवटी
दातानं उघडलं.