पाचर

वारसा खात्याची मुलगी आली तेव्हा
मी पायरीवरची काकाकुव्यांची शीट खरवडत होते.
तिच्या हातात सोळा पानांचा अर्ज,
पायांत नवे बूट,
आमच्या लाल मातीची अजून ओळख न झालेले.

"बांधणाऱ्याचं नाव?"

नाव काय सांगू.
चुनखडीचा दगड कोरड्या ओढ्यातला,
बैल लीष्केंचे, गाडी उसनी,
चुना फित्स्नरांच्या भट्टीचा.
भिंती मात्र दोन भावांच्या:
उत्तरेची आउगुस्ट नोस्केची,
दक्षिणेची ट्राउगोटची, धाकट्याची.
कुंपणाच्या तीन खांबांवरून दोघांचं वाजलेलं.
आठ महिने एकमेकांना पाठ देऊन
देवासाठी दगड रचत होते.
ओळंबा एकच. तो इकडून तिकडे न्यायला
सात वर्षांचं एक पोरगं,
पुढे माझे आजोबा झाले.

छप्पर चढवायच्या दिवशी कळलं,
उत्तरेची भिंत चार इंच उंच.
एक म्हणे, मी उतरवणार नाही.
दुसरा म्हणे, मी चढवणार नाही.
पास्टर दोन्ही घरी जाऊन आले,
दोन्हीकडे कॉफी प्याले,
आणि पुढच्या रविवारी प्रवचन
भलत्याच विषयावर केलं.
शेवटी सुतारानं रेडगमची पाचर तासली,
दक्षिणेच्या अंगाला तुळईखाली ठोकली.
एकशे चाळीस वर्षं
ती तिथंच आहे.

"ऐतिहासिक महत्त्व?"

मोठ्या लढाईत गावाचं नाव गेलं.
रात्री फ्रीडेन्सटालमध्ये निजलेली माणसं
सकाळी विल्टनमध्ये उठली.
शाळेला कुलूप.
वेदीवरची जर्मन ओळ चुन्याखाली गेली;
चुना मारणारा आमच्यातलाच,
म्हणतात, एकेक अक्षर आधी मोठ्यानं वाचलं
आणि मग झाकलं.
आजी इंग्रजीत प्रार्थना शिकली,
पण अंडी मोजायची ती जर्मनमध्येच,
खुराड्यात कोण ऐकतंय.

आणि घंटा. लिही, घंटा आहे.
माणूस गेलं की वयाइतके ठोके.
गहू कापणारे हात थांबवून मोजायचे,
आकड्यावरून घर ओळखायचे.
आईच्या वेळी एक्क्याण्णव; भाचा म्हणाला, मी ओढतो थोडे.
म्हटलं, नको.
एकदा चारच झाले होते.
सगळं शिवार पाचव्यासाठी
उभं राहिलं होतं म्हणे, कितीतरी वेळ.

तिनं पेन थोडं थांबवलं. मग पान उलटलं.

"सध्याचा वापर?"

सुगीच्या रविवारी सात जण.
गव्हाची पेंढी, एक भोपळा, डब्यातले पीच.
पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, अजूनही,
पुरुष दोनच उरलेत तरी.
एरवी पाकोळ्या.
शनिवारी मी आणि झाडू.

"भिंतीला तडा आहे," ती म्हणाली, पट्टी लावत.
आहे. दुष्काळात माझी करंगळी जाते त्यात,
पाऊस झाला की पोस्टकार्डही जात नाही.
आज मोजशील तो आजचा.

मग शिडी धरून तिला माळ्यावर चढवलं.
गुडघे कुरकुरले, पण मीही गेले मागून.
विजेरीच्या उजेडात तुळई, कोळिष्टकं,
आणि पाचर.
तिच्यावर पेन्सिलीचं लिखाण, कधी पुसलं न गेलेलं:
एका हातानं काढलेला चारचा आकडा.
त्यावर आडवी रेघ.
शेजारी दुसऱ्या हातानं, पेन्सिल रुतवून,
साडेतीन.

मुलगी पहिल्यांदा हसली.
फोटो काढले, मग अर्ज मांडीवर घेऊन बसली
त्या धुळीत, नव्या बुटांसकट.
"मी कुठला लिहू?"

बाई गं, म्हटलं,
मी आउगुस्टकडची.
मला विचारशील तर चार.