आत आल्याची वेळ

जोलिएटला, शीतगृहाच्या गेटवर माझी रात्रपाळी.
काचेची खोली, पायाशी हीटर,
आणि एक नोंदवही, जिच्यात
ट्रक आल्याची वेळ लिहायची नसते.

लिहायची ती दरवाजा मिळाल्याची.
सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी सांगितलं,
"दरवाजा मिळेपर्यंत तो आलेलाच नसतो."
मी मान डोलावली. मला नोकरी हवी होती.

म्हणजे रात्री नवाला आलेला रिमांतास
पहाटे तीनला येतो.
मधले सहा तास तो कुठेच नसतो,
फक्त त्याचं इंजिन घरघरत असतं
आणि डिझेल त्याच्या खिशातून जळत असतं.

त्यांना पैसे मैलाचे. चाक फिरलं तर पैसा.
थांबणं, कागद हातात धरून थंडीत उभं राहणं,
"संडास फक्त कर्मचाऱ्यांसाठी" वाचून
केबिनमध्ये रिकामी बाटली शोधणं,
हे सगळं फुकट खात्यात.

"पण तू तर मालक," मी एकदा म्हणाले.
ट्रकच्या दारावर त्याच्याच नावाची कंपनी आहे, सोनेरी अक्षरांत.
त्यानं हिशेबाची चिठ्ठी माझ्या काचेला लावली:
ट्रकचा हप्ता वजा, विमा वजा, डिझेल वजा,
ट्रेलरचं भाडं वजा,
चिठ्ठी छापायचे पाच डॉलर, तेही वजा.
खाली उरले एकशे बारा. आठवड्याचे.
आमच्याकडे अशा मालकाला सोनुबाई म्हणतात, मी म्हणाले,
आणि कथलाचा वाळा इंग्रजीत समजावेपर्यंत
मागच्यानं हॉर्न दिला.

युनियन? ती नोकरांची.
मालकांनी एकत्र बसून भाव ठरवला
तर कायदा त्याला संगनमत म्हणतो.
हे अर्नेटा प्रुइटनं सांगितलं. बावीस वर्षं चालवतेय, डाव्या गुडघ्याला पट्टा.
"आम्ही नऊ जण एका टेबलावर कॉफी प्यायलो ना,
की नऊ कंपन्यांची बैठक होते, पोरी."

जानेवारीतली ती रात्र. अकरा ट्रक.
मी पुकारलं: चार नंबर, दरवाजा सतरा.
चार नंबरनं काच खाली केली,
"आधी सातला घ्या. तो माझ्या आधी आलाय."
सात म्हणाला, आधी नऊ.
नऊ म्हणजे अर्नेटा. तिनं इंजिन बंद केलं.
मग एकेकानं.
असल्या थंडीत डिझेल गोठतं
हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

इतकी शांतता त्या आवारात मी ऐकली नव्हती.
बर्फ पत्र्यावर पडतो तेव्हा आवाज होतो,
बारीक, तांदूळ निवडल्यासारखा.
घोषणा नाही. कुणी काही मागितलंसुद्धा नाही.
सुपरवायझर कोट न घालता बाहेर आला,
आत गेला, कोट घालून आला.

बाबा कऱ्हाड स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते.
एसटी फलाटाला लागली की मनगट बघून वेळ लिहीत.
संपात रोज जाऊन वहीसमोर बसले.
"गाडी आली नाही, हेही कुणीतरी लिहायला हवं."

त्रेचाळीस मिनिटं.
मग रिमांतासचा फोन वाजला.
हप्ता की मुलगी, काचेतून कळलं नाही.
त्यानं किल्ली फिरवली.
त्याच्याकडे कुणी वाईट बघितलं नाही.
अर्नेटा तर लंगडत खाली उतरली,
टॉर्च दाखवून त्याला दरवाज्याला लावून दिलं,
डावीकडे, अजून थोडं, बस.

मी वही ओढली.
रिमांतास: आत, रात्री आठ सत्तावन्न.
अर्नेटा: नऊ वीस.
पंजाबी मुलगा, ज्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही: नऊ एकेचाळीस.
अकराही वेळा पाठ होत्या,
आमच्या घरात ते होतंच.

सोमवारी सुपरवायझर हे पान उघडेल.
काय सांगायचं, अजून ठरलेलं नाही.
शाई निळी आहे.
खोडलं तर दिसेल.