झडती

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तीस वर्षं
कोऱ्या नोटांचे गठ्ठे मोजले वत्सला गायधनींनी.
सुटताना गेटवर झडती:
डबा उघडा, पिशवी उलटी,
अंबाडासुद्धा चाचपायचा.
काही सापडलं नाही कधी.

त्या रोज एक प्रेत बाहेर नेत.

बसमध्ये त्याला खिडकीशी जागा देत,
मेथी निवडता निवडता ठरवत, विष कशातून.
एकदा सासूबाई आमटी चाखून म्हणाल्या,
मीठ विसरलीस, लक्ष कुठंय?
रामकुंडावर पंचनामा चालू होता.

पुस्तकांवर नाव 'एस. विक्रांत'.
प्रकाशक म्हणाला, बाईच्या हातचा खून
एसटी स्टँडवर खपत नाही.
पानाला दीड रुपया.
मुखपृष्ठावर ओल्या साडीतली कुणी,
जी आत कुठेच नसायची.

माझी लायब्ररी भद्रकालीत, जिन्याखाली.
त्या स्वतःचीच पुस्तकं न्यायच्या, चार आणे भरून,
दुमडलेले कोपरे बघायला,
कोण कुठे थांबलं, कुठे झोप लागली.
परत यायची तेव्हा छपाईच्या चुका
पेन्सिलीनं दुरुस्त केलेल्या,
आणि एकदा, पान एकशेबारावर,
खुनीच बदललेला.

मी कुणाला बोललो नाही.

परवा भेटायला गेलो. डोळे गेलेत त्यांचे.
म्हणाल्या, वाच काहीतरी माझं.
वाचत गेलो, चहा निवला,
शेवटचं पान कुणीतरी फाडलेलं.
आता?

"बरं झालं," त्या म्हणाल्या,
"सुटला बिचारा.
दोन लहान पोरं होती त्याला."