शाखेच्या पत्रकासाठी, सेलूहून

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.
फेब्रुवारीचा अंक एप्रिलात पोचला.
कंपाउंडरनं तो ओल्या साच्यांखाली अंथरला,
त्यामुळे मुखपृष्ठावरच्या नव्या अध्यक्षांना
प्लास्टरची पांढरी मिशी फुटली आहे.
राग नसावा.

वाचला सगळा.
स्माइल डिझाइनची कार्यशाळा, दोन दिवस, जेवणासह.
झिरकोनियाचे नवे भाव.
ऑटोक्लेव्हची नोंदवही रोज भरा, हे बरोबरच;
आमच्याकडे वीज सव्वादहाला जाते,
मी तीही वेळ लिहितो.
पान सातवर, खाली कोपऱ्यात:
वापरलेली खुर्ची देणे आहे, जिंतूर.
ती चारठाणकर सरांची. फोटो नसता तरी ओळखली असती.
उजव्या हाताचं रेक्झिन गेलेलं,
तीस वर्षं माणसांनी जिथं आवळून धरलं, तेवढंच.
पान उलटलं तर आठवर
चौकटीत सर. दोन तारखा.
दात ओढायचा नसतो रे, म्हणायचे,
त्याला जागा सोडायला लावायची.

पण लिहायचं कारण वेगळं.
पान तीनवर तुम्ही तक्ता दिलाय:
तोंड किती उघडतं, मिलिमीटरमध्ये.
माझी पट्टी हरवली, मी बोटांनी मोजतो.
बोटं ज्याची त्याची, उभी, एकावर एक.
तीन गेली तर ठीक.

व्यंकटी जिनिंगवर गठाणी बांधतो. वय चोवीस.
दीड.
म्हणाला, डॉक्टर, माजी बोटंच जाड हायेत.
मग हसला. हसूही दीडच बोट.
अक्कलदाढ दुखते म्हणून आला होता,
तिथवर माझा आरसा जाईना.
भाकर दुधात कुस्करून खातो,
ठेचा सुटून सहा महिने झाले.
घरचे म्हणतात, पोरगं सुधारलं,
तिखट मागत नाही, कुणावर ओरडत नाही.

खिशात दोन पुड्या. बंदीच्या,
म्हणून दोन रुपयांनी महाग.
मी काही बोलायच्या आत त्यानं त्या
माझ्या ट्रेमध्ये ठेवल्या, चिमट्याशेजारी,
आणि जाताना एक परत उचलली.
मी पाहिलं.
मी पाहिलं हे त्यानं पाहिलं.

तुमच्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना आहे.
मोजला (नवी पट्टी आणली):
व्यंकटीच्या तोंडाएवढाच भरला.
मावलं तेवढं लिहिलं:
नांदेडला पाठवला. गेला का, माहीत नाही.
पुढच्या वेळी रकाना जरा रुंद ठेवा.

वर्गणी सोबत जोडली आहे, मागच्या वर्षाचीही.
खुर्ची गेली नसेल तर माझं नाव धरा.
वहिनींना सांगा, रेक्झिन बदलू नका.

ता. क.
पाकीट चिकटवणार तोच जिन्यात गलका झाला.
व्यंकटी आलाय. नांदेडला गेला नव्हता,
पण जिनिंगवरची पोरं घेऊन आलाय.
पायऱ्यांवर बसून
एकमेकांच्या तोंडापुढं बोटं धरताहेत, मोजताहेत, शिव्या देताहेत.
जेवणाच्या सुट्टीत पैज लागते म्हणे,
तीन घालून दाखव.
हरेल त्यानं माझ्याकडे यायचं.
शुक्रवारपासून
चार हरले.
जागा असेल तर हे छापा.