गेटवरचे कांदे

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी
आम्ही अकरा जण, दोन गाड्या,
अल्लीपूरहून पाण्याचे खेळ खेळायला निघालो.
काचा बंद. उघडल्या तर
हवा नाही, तव्यावरची वाफ आत येते.
डोक्याला दुपट्टे, डोळ्यांपुरती फट,
अख्खं घर दरोड्याला निघाल्यासारखं.

बेबीआत्यानं निघताना प्रत्येकाच्या खिशात
एकेक कांदा घातला. पांढरा.
"लाल नोको. लाल भाजीचा. ऊन पांढरा ओढते."
हे तिला कोणी सांगितलं, विचारायचं नसतं.
गुंजनच्या फ्रॉकला खिसाच नव्हता,
तिचा रुमालात गुंडाळून कमरेला.

गेट म्हणजे प्लायवूडचा राक्षस,
त्याच्या दाढांमधून आत जायचं.
दाढेशी शिपाई, छातीवर पट्टी: नेवारे.
"बाहेरचं खाणं आत चालत नाही."
"हे खाणं नोहे, औषध होय."
"मंग डॉक्टरची चिठ्ठी दाखवा."
आत्यानं त्याला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं,
आणि आमचे खिसे रिकामे झाले.
त्याच्या पायाशी प्लास्टिकचं टोपलं
आधीच अर्धं भरलेलं,
पुलगावचे, समुद्रपूरचे, कुठकुठले कांदे.
ते बघून मला का कोण जाणे
बरं वाटलं.

आत फरशी अशी तापलेली
की पाय ठेवला की नाचावंच लागे.
भोंग्यावर गाणं सुरूच होतं,
त्यामुळे कोणाला काही वेगळं कळलं नाही.
घसरगुंडीवरून सुटलो
तो थेट भाताच्या आधणात.
लाटांच्या हौदात भाऊजी
म्हशीसारखे बसून राहिले,
नुसतं नाक वर,
जेवायला हाका मारल्या तरी.

बर्फाच्या गुहेचे शंभर रुपये वेगळे. दहा मिनिटं.
"थंडी भाड्यानं भेटते काय?" म्हणत
आत्या नऊवारीवर त्यांचा फुगीर कोट घालून आत गेली.
वरून यंत्र पांढरं काहीतरी भुरभुरवत होतं.
पोरं किंचाळत एकमेकांना मारत होती.
आत्या भिंतीपाशी गेली, वाकली,
यंत्राच्या मागे हात घालून चाचपू लागली.
"काय शोधता, आत्या?"
"याच्यात पाणी कोण टाकते?"

(बारा ते चार आमच्याकडे लाइट नसते.
लाइट आली की कूलर, कूलर आला की बादली,
आणि बादली म्हटली की
सगळं घर झोपलेलं असतं
आणि आत्या उठलेली.)

संध्याकाळी राक्षसाच्या तोंडातून बाहेर पडलो.
नेवारेची छत्री एका जागी,
तिची सावली कधीचीच
रस्त्यापलीकडच्या पऱ्हाटीच्या फणकटात जाऊन पडलेली.
तो मात्र तिथंच.
"घ्या, तुमचे अकरा."
"आमचे कोणते?"
"आता ते मले काय माहीत, बाई."
आत्यानं दहा वेचले. अकरावा त्याच्यापुढं धरला.
त्यानं शर्टाच्या खिशावर थाप मारली,
खिसा फुगलेला, वरून साल डोकावत होती.
"घरूनच देते बायको."
मग आत्या दिवसात पहिल्यांदा हसली
आणि अकरावाही पदरात घेतला.

ऊन प्यालेला कांदा खात नाहीत.
कोणाचं ऊन प्याले होते हे,
आमचं तर नाही, आम्ही आत होतो.
वणेच्या पुलावर तिनं गाडी थांबवली
आणि कठड्यावरून एकेक सोडला.
अकरा वेळा ठप्प ऐकू आलं.
डुबुक एकदाही नाही.